शिकारीच्या चढाओढी आणि संस्थानांचें कर्तव्य

आमच्या वरच्या इयत्तांच्या वादविवाद-मंडळांत यंदा एक प्रश्न निघाला, आणि तो पुष्कळ दिवस आमच्या मनांत घोळत राहिला. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांपैकीं कांहीं संस्थानांनीं हिंस्र पशूंच्या शिकारीच्या चढाओढींस बंदी केली आहे, ही हकीकत ऐकून एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, एक कायोटी मारणें हा जर तेथें गुन्हा नाहीं, तर दहा मारणारास बक्षीस देणें हा गुन्हा कसा?" प्रश्न सरळ आहे, पण त्याचें उत्तर तितकें सरळ नाहीं. त्या वेळीं घंटा झाली व उत्तर अर्धेंच राहिलें. तें पुरें करावें, आणि मुलांबरोबर त्यांच्या पालकांसही ह्या वादाची माहिती व्हावी, ह्या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

प्रथम हा कायोटी कोण तें सांगितलें पाहिजे. तो कुत्रा, लांडगा व कोल्हा यांच्या कुळांतील प्राणी असून आकारानें आपल्या कोल्ह्याहून थोराड व लांडग्याहून लहान असतो. त्याचें वजन सुमारें २० ते ५० पौंड भरतें. त्याचें नांव मेक्सिकोंतील मूळच्या लोकांच्या नाहुआ भाषेंतून आलेलें आहे. उंदीर, ससे, मेलेलीं जनावरें, फळें, हरिणांचीं पाडसें आणि संधि मिळाल्यास मेंढ्यांचीं कोंकरें हें त्याचें खाद्य. पूर्वीं तो मुख्यतः पश्चिमेकडील माळरानांत व रुक्ष प्रदेशांत राही. परंतु गोऱ्या वसाहतवाल्यांनीं बहुतेक ठिकाणचे लांडगे मारून टाकले, जंगलें तोडून शेतें केलीं, आणि मोकळ्या झालेल्या जागेंत कायोटी शिरला. आज तो अटलांटिक किनाऱ्यापर्यंत पोहोंचला असून मोठमोठ्या शहरांतही वस्ती करून राहिला आहे. माणसानें एवढा पाठलाग केला असतां ज्याचा मुलूख कमी होण्याऐवजीं वाढला, असे वन्य पशु फार थोडे.

आतां चढाओढ म्हणजे काय तें पाहूं. गांवांतील एखादा क्लब, बंदुकांचा दुकानदार किंवा खाणावळवाला दिवस ठरवितो. भाग घेणारे बहुधा दोघादोघांच्या जोड्या करून प्रवेश-फी भरतात. पुष्कळदां शिकारी दबा धरून बसतो व एका यंत्रांतून जखमी सशाच्या किंकाळीचा आवाज काढतो. भक्ष्य सांपडलें असें वाटून कायोटी त्या आवाजाकडे येतो आणि गोळीला बळी पडतो. ठरलेली वेळ संपली कीं सर्व जोड्या मारलेलीं जनावरें घेऊन एका जागीं जमतात. तेथें तीं मोजलीं जातात, तराजूंत घातलीं जातात, आणि सर्वांत अधिक जनावरें आणणारास, सर्वांत जड जनावर आणणारास, क्वचित् सर्वांत लहान जनावर आणणारासही रोकड रक्कम किंवा बंदूक बक्षीस मिळते. कायोटीबरोबर खोकड, बॉबकॅट नांवाचें रानमांजर, रॅकून इत्यादि प्राण्यांच्याही अशा चढाओढी होतात.

हा सर्व प्रकार सरकारच्या कक्षेंत कसा येतो, असें कोणी विचारील. त्यासाठीं अमेरिकन कायद्याचें एक तत्त्व ध्यानांत घेतलें पाहिजे. तेथें रानांतील प्राणी हा जमिनीच्या मालकाच्या मालकीचा समजला जात नाहीं. तो सर्व प्रजेचा ठेवा असून संस्थान हें त्या ठेव्याचें विश्वस्त आहे, असें मानितात. म्हणून प्रत्येक संस्थानांत वन्य पशूंचें एक खातें असतें, आणि पुष्कळ ठिकाणीं त्या खात्यावर नागरिकांचें एक कमिशन देखरेख करितें. कोणता प्राणी केव्हां मारावा, किती मारावे, कोणत्या साधनानें मारावे, हे नियम तें कमिशन ठरवितें. ॲरिझोना संस्थानांत अशा कमिशनाचे पांच सभासद असतात व त्यांची नेमणूक गव्हर्नर करितो.

ह्या खात्यांस पैसा कोठून येतो हेंही समजून घेणें जरूर आहे, कारण वादाचें एक मूळ तेथेंच आहे. त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग शिकारीच्या व मासेमारीच्या परवान्यांपासून येतो. शिवाय १९३७ सालीं झालेल्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वयें बंदुका व दारूगोळा यांवर मध्यवर्ती सरकार जकात घेतें व ती रक्कम वन्य पशूंच्या रक्षणासाठीं संस्थानांस वांटून देतें. लांब बंदुका व काडतुसें यांवर ही जकात शेंकडा ११ आहे. ह्या पैशानें हरिणें, टर्की इत्यादि प्राण्यांचे कळप पुन्हा भरभराटीस आले, ही गोष्ट खरी आहे. त्यामुळें शिकारी म्हणतात, "ज्यांनीं पैसे भरले त्यांचें ऐका." दुसरा पक्ष म्हणतो, "ठेवा सर्वांचा आहे, केवळ परवाना घेणाऱ्यांचा नव्हे." विश्वस्तानें कोणाचें ऐकावें, हा ह्या तंट्यांतील पहिला पेंच होय.

हिंस्र पशूस मारल्याबद्दल बक्षीस देण्याची चाल अमेरिकेंत फार जुनी आहे. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतींत १६३० सालींच लांडगा मारणारास इनाम देण्याचा ठराव झाला होता. आपल्याकडेही इंग्रजी अमदानींत वाघ व लांडगे मारणारांस सरकारी बक्षिसें मिळत, तेव्हां ह्या बाबतींत आपण फार निराळे होतों असें नाहीं. पुढें १९३१ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें उपद्रवी पशूंचा नायनाट करण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारच्या शेतकी खात्यास कायद्यानें दिला. बंदुका, सांपळे, विष हीं सर्व साधनें कामास लावण्यांत आलीं. १९७२ सालीं राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीं सरकारी जमिनींवर ह्या कामीं विषप्रयोग करण्यास मनाई केली. पण मारण्याचें काम थांबलें नाहीं. एकट्या २०१८ सालीं त्या मध्यवर्ती खात्यानें सुमारें ६८ हजार कायोटी मारले. आणि यूटा संस्थान तर हरिणांच्या रक्षणासाठीं २०१२ सालीं केलेल्या कायद्यान्वयें प्रत्येक कायोटीमागें ५० डॉलर इनाम देऊं लागलें.

अशा स्थितींत चढाओढींचा वाद उभा राहिला. आतां दोन्ही पक्षांचें म्हणणें नीट ऐकून घेऊं, कारण ज्याचें म्हणणें ऐकलें नाहीं त्याजविरुद्ध निकाल देणें हा न्याय नव्हे.

चढाओढींच्या बाजूचे लोक बहुधा खेड्यांत राहणारे, मेंढ्या व गुरें पाळणारे असतात. ते म्हणतात कीं, मेंढ्यांचा फडशा पाडणाऱ्या पशूंत कायोटीचा नंबर पहिला आहे. आणि हें खरेंच आहे. कोंकरें व्यालीं कीं त्यांच्या रक्षणासाठीं रात्रीच्या रात्री जागून काढणाऱ्या कुटुंबास शहरांतील माणसानें कायोटीवर दया करण्याचा उपदेश करावा, हें त्यांस सहन होत नाहीं. दुसरें, हिंवाळ्यांत गांवांत पाहुणे येतात, खाणावळी भरतात, आणि पुष्कळदां फीचा कांहीं भाग एखाद्या धर्मादाय कामास दिला जातो. तिसरें, बाप व मुलगे एकत्र रानांत जातात, ही त्यांची पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. चौथें आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, आज चढाओढ बंद झाली तर उद्यां शिकारच बंद होईल अशी त्यांस धास्ती वाटते. खात्यानें शास्त्र पाहावें, लोकांच्या भावना पाहूं नयेत, असा त्यांचा आग्रह असतो.

विरुद्ध पक्षाचें म्हणणें असें. चढाओढीनें कायोटी कमी होतात हें शास्त्रानें सिद्ध होत नाहीं. उलट शास्त्र दुसरेंच सांगतें. कायोटींचें एक जोडपें आपला मुलूख राखून असतें व त्यांत परक्यास येऊं देत नाहीं. त्या जोडप्यांतील एक मेला कीं मुलूख उघडा पडतो, भटके तरुण कायोटी आंत शिरतात, एरवीं ज्या माद्या व्याल्या नसत्या त्याही वितात, आणि अन्न पुरेसें उरल्यामुळें पिलें अधिक जगतात. कॉनोली व लाँगहर्स्ट या दोघां संशोधकांनीं कॅलिफोर्निया विद्यापीठांत १९७५ सालीं गणित मांडून दाखविलें कीं, दरवर्षीं शेंकडा ७० च्या सुमारास कायोटी मारले तरी त्यांची जात टिकाव धरूं शकते. मग वर्षांतून दोन दिवसांच्या चढाओढीनें काय होणार? व्हरमाँट संस्थानाच्या खात्यानेंही २०१८ सालीं असाच अभिप्राय दिला कीं, अशा थोड्या दिवसांच्या शिकारींनीं कायोटींच्या संख्येवर मोजण्याजोगा परिणाम होत नाहीं व हरिणेंही वाढत नाहींत.

येथें विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट बारकाईनें पाहावी. "चढाओढींनीं कायोटींच्या संख्येस धक्का लागत नाहीं, म्हणून त्या निरुपद्रवी आहेत," असें त्यांचे कैवारी पुष्कळदां म्हणतात. आणि त्याच दमांत, "चढाओढींनीं कायोटी कमी होऊन मेंढ्या वांचतात," असेंही म्हणतात. हीं दोन विधानें एकाच वेळीं खरीं असूं शकत नाहींत. संख्या घटत नसेल तर मेंढपाळाचा फायदा नाहीं. संख्या घटत असेल तर उपद्रव नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. त्याचप्रमाणें विरुद्ध पक्षानेंही हें कबूल केलें पाहिजे कीं, चढाओढी बंद केल्यानें कायोटीची जात वांचते असें नाहीं, कारण ती जात बुडण्याच्या भयांत मुळींच नाहीं. तेव्हां खरा प्रश्न संख्येचा नसून रीतीचा आहे.

संस्थानांनीं काय केलें तें आतां पाहूं. २०१३ च्या फेब्रुवारींत कॅलिफोर्नियाच्या ईशान्येस मोडॉक परगण्यांत कायोटींच्या शिकारीची चढाओढ भरली. त्याच सुमारास ओरेगनमधून आलेला एक लांडगा त्या भागांत फिरत होता. १९२४ सालानंतर कॅलिफोर्नियांत दिसलेला तो पहिला रानटी लांडगा. कायोटी समजून कोणी त्याला गोळी घालील अशी भीति पुष्कळांस वाटली, अर्जांचा पाऊस पडला, आणि डिसेंबर २०१४ मध्यें तेथील कमिशनानें अशा चढाओढींत बक्षीस देण्यास मनाई केली. हें पाऊल टाकणारें कॅलिफोर्निया हें पहिलें संस्थान. व्हरमाँटच्या कायदेमंडळानें २०१८ सालीं व न्यू मेक्सिकोच्या कायदेमंडळानें २०१९ सालीं कायोटींच्या चढाओढी बंद केल्या. २०१९ च्या जूनमध्यें ॲरिझोनाच्या कमिशनाच्या पांचही सभासदांनीं बंदीच्या बाजूनें मत दिलें. त्याच वर्षाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्सनेंही तसाच नियम केला. पुढें २०२० सालीं कोलोरॅडो व वॉशिंग्टन, २०२१ सालीं मेरीलँड, आणि २०२३ सालीं ओरेगन व न्यूयॉर्क ह्या संस्थानांनीं बंदी केली. अशा रीतीनें दहा वर्षांत दहा संस्थानें झालीं. परंतु सर्वत्र असें घडलें नाहीं. नेव्हाडाच्या कमिशनानें २०२३ च्या नोव्हेंबरांत अशी सूचना फेटाळली, आणि बहुसंख्य संस्थानांत अशी बंदी नाहीं.

ह्या नियमांची मर्यादाही ध्यानांत ठेवावी. ॲरिझोनांत परवाना असलेला मनुष्य आजही वर्षभर कायोटीची शिकार करूं शकतो. मेंढपाळास आपल्या कळपाचें रक्षण करण्याची मोकळीक आहे. मनाई आहे ती फी घेऊन, नांवें नोंदून, बक्षीस लावून पशु मारण्याच्या समारंभास. न्यूयॉर्कच्या कायद्यानें तर हरिण, अस्वल व टर्की यांच्या शिकारीच्या चढाओढी बंदींतून वगळल्या आहेत. तेव्हां "उद्यां शिकारच बंद होईल" ही धास्ती कायद्याच्या अक्षरांत तरी दिसत नाहीं.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. जें कृत्य एरवीं कायदेशीर आहे त्याची चढाओढ बेकायदेशीर कशी? आम्हांस एक साधें उदाहरण सुचतें. गांवांत कुत्रा पिसाळला तर मुलांच्या जिवासाठीं त्याला मारावें लागतें, आणि तें काम करणारास कोणी दोष देत नाहीं. पण उद्यां कोणी चावडीसमोर तराजू टांगून, जो अधिक कुत्रे मारून आणील त्यास पागोटें बांधूं, अशी दवंडी पिटली, तर आपण तें मान्य करूं काय? कृत्य तेंच आहे, परंतु हेतु पालटला. पहिल्या प्रसंगीं जीव घेणें ही एक दुःखद गरज होती. दुसऱ्या प्रसंगीं तीच करमणूक झाली. पहिल्या प्रसंगीं एक मेला कीं काम संपलें. दुसऱ्या प्रसंगीं एकावर थांबणारा हरतो. बक्षिसाचा हाच गुण आहे कीं, तें गरज भागल्यावरही हात थांबूं देत नाहीं. कायदा पुष्कळदां कृत्याबरोबर त्याचा हेतुही पाहतो, आणि विश्वस्तानें तर तो पाहिलाच पाहिजे.

"शास्त्र पाहा, भावना पाहूं नका," हें म्हणणें ऐकण्यास चांगलें वाटतें. पण शास्त्र सांगतें तें इतकेंच कीं, अमुक केलें तर अमुक होईल. काय व्हावें हें शास्त्र सांगत नाहीं. तें माणसांनींच ठरवावें लागतें. पुष्कळ जुने शिकारीही ह्या मताचे आहेत. १८८७ सालीं थिओडोर रूझवेल्ट यांनीं पुढाकार घेऊन बून अँड क्रॉकेट क्लब ही शिकाऱ्यांची संस्था स्थापिली. पशूस निसटण्याची वाजवी संधि असावी, हा दंडक त्या संस्थेनें शिकाऱ्यांस घालून दिला. हा दंडक कोणत्या प्रयोगशाळेंत सिद्ध झाला? तो शिकाऱ्यांनीं आपल्या मनाशीं घालून घेतलेला नियम आहे, आणि त्यामुळेंच शिकाऱ्यास समाजांत मान मिळाला.

ॲरिझोनाच्या संबंधानें एका थोर गृहस्थाची आठवण येते. आल्डो लिओपोल्ड हा तरुण १९०९ सालीं जंगल खात्यांत नोकरीस लागून त्या मुलखांत गेला. लांडगे कमी झाले कीं हरिणें वाढतील, अशी त्या काळच्या सर्वांप्रमाणें त्याचीही समजूत होती, व त्यानें आपल्या हातानें एक लांडगी मारली. पुढें जेथें जेथें लांडगे नाहींसे झाले तेथें हरिणें अतोनात वाढून त्यांनीं डोंगर ओरबाडून खाल्ले, हें त्यानें पाहिलें व त्याचें मत पालटलें. आपली ती चूक त्यानें स्वतःच लिहून ठेविली. त्याच्या मृत्यूनंतर १९४९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकांत ती हकीकत आहे. ज्या मुलखांत त्यानें ती गोळी झाडली, तेथेंच ११० वर्षांनीं कमिशनानें वर सांगितलेला ठराव केला. मत बदलण्यास एका माणसाला अर्धें आयुष्य लागलें. समाजास अधिक लागावें ह्यांत नवल नाहीं.

परंतु एवढ्यावर लेख संपविला तर मेंढपाळावर अन्याय होईल. बंदी करणारांचें पोट मेंढ्यांवर चालत नाहीं. दया करण्याचा मान एकानें घ्यावा आणि तिची किंमत दुसऱ्यानें द्यावी, ही वांटणी बरोबर नाहीं. ह्या बाबतींत कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्याचें उदाहरण आम्हांस अनुकरणीय वाटतें. सन २००० च्या सुमारास त्या परगण्यानें कायोटी मारण्याची सरकारी व्यवस्था सोडून दिली, आणि तो पैसा मेंढपाळांस राखणीचे कुत्रे, लामा, कुंपणें इत्यादींसाठीं मदत म्हणून देण्यास आरंभ केला. त्याच संस्थानांत हॉपलंड येथील संशोधनांत असें दिसून आलें कीं, कोंकरें मारणारे बहुधा त्या मुलखांत पिलें वाढविणाऱ्या जोडप्यांतील कायोटी असतात. म्हणजे उपद्रव फारच झाला तर नेमका तोच अपराधी शोधून काढणें उपयोगाचें. सरसकट गोळीबार व्यर्थ. मेंढ्यांच्या एकंदर मृत्यूंचा हिशेब पाहिला तर अमेरिकेंत सर्व हिंस्र पशु मिळून जितक्या मेंढ्या मारतात, त्याहून अधिक रोगराई, हवामान, प्रसूति इत्यादि कारणांनीं मरतात, हेंही विसरतां कामा नये.

आपल्या दख्खनच्या माळावरील धनगर रात्रीं वाघूर लावून मेंढ्या कोंडतो, कुत्रे सोडतो व स्वतः शेजारीं घोंगडी पसरतो. लांडग्यानें कधीं एखादें कोंकरूं नेलें तर त्याचें मन हळहळतें. तरी त्याच माळावर त्याचे वाडवडील आणि लांडगे पिढ्यान् पिढ्या नांदले. ही राखणीची विद्या महासागरापलीकडे आज पैसे खर्चून शिकविली जात आहे. ती आपल्या दारांत आहे, याची आपणांस कल्पनाही नसते.

मुलांनो, तुमच्या शाळेंतही चढाओढी आहेत. धांवण्याची आहे, निबंधाची आहे, पाठांतराची आहे. आणि त्यांत तुम्हीं जिंकावें असें आम्हांस मनापासून वाटतें. पण ज्या चढाओढींत हरणारा पुढच्या वर्षीं पुन्हा धांवण्यास उभा राहतो, तीच खरी चढाओढ. ज्यास आपण चढाओढींत आहों हें ठाऊकच नाहीं, आणि जो हरल्यावर तराजूंत टांगला जातो, त्याच्या जिवावर मिळालेल्या बक्षिसास काय म्हणावें, हें पुढील सभेंत तुम्हींच ठरवा. मात्र बोलण्यास उभे राहाल तेव्हां मेंढपाळाचें म्हणणेंही तितक्याच जोरानें मांडणारा एक तरी वक्ता तुमच्यांत असूं द्या. त्याचें उत्तर देतां आलें, तरच तुमचा निर्णय टिकेल.